काय धरशीन?

आमच्या कारखान्यात हातमोजे मिळवण्यापेक्षा रजा मिळवणं सोपं होतं. रजेच्या अर्जावर साहेब निदान वर न बघता सही करायचे. मोज्यांसाठी मात्र स्टोअरच्या खिडकीशी जावं लागे, आणि खिडकीच्या आत गजभियेबाबू बसलेले असत.

लकडगंजच्या वखारी संपतात त्याच्या पुढे आमचा कारखाना होता. जळालेले ट्रान्सफॉर्मर तिथे दुरुस्तीला येत. ते उघडायचे, तांब्याची तार नव्याने गुंडाळायची, तेल भरायचं, आणि मग गावोगावी नेऊन खांबावरच्या अकरा हजार व्होल्टच्या तारांना पुन्हा जोडून द्यायचे. वेल्डर होते, पत्रा कापणारे होते, बॅटरीच्या अ‍ॅसिडात हात घालणारे होते आणि तारांवर काम करणारे वायरमन होते. प्रत्येकाचा मोजा वेगळा, आणि ते सगळे या एका माणसाच्या कपाटात.

खिडकीशी गेलं की गजभियेबाबू एकच प्रश्न विचारत. "काय धरशीन?"

म्हणजे, हातात काय धरणार आहेस? कोणता मोजा हवा, किती हवेत, हे त्यांच्या लेखी नंतरचं. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि मी खरेदी विभागात कारकून म्हणून नवा होतो. तेव्हा एका वेल्डरशी त्यांचं झालेलं बोलणं मी रांगेत उभा राहून ऐकलं.

"मोजे द्या, गजभियेबाबू."

"काय धरशीन?"

"हात धरीन, आणखी काय!"

"कोणाचा?"

रांग हसली. गजभियेबाबू हसले नाहीत. उत्तराची वाट पाहत राहिले.

"पत्रा धराचा हाये," वेल्डर वरमून म्हणाला. "आन् जोडल्यावर तोच उचलाचा हाये."

"मंग दोन जोड लागन तुले. पत्र्याच्या मोज्यानं गरम धरलं त हात शिजते. गरमाच्या मोज्यानं पत्रा धरला त मोजा कापते."

"एकच द्या ना बाप्पा, सगळ्याले चालते तसा."

"सगळ्याले चालते असा मोजा अजून कोण्या कंपनीनं काढला नाही. काढन तवा पहिला तुले देईन."

वेल्डर दोन जोड घेऊन चडफडत गेला. माझा नंबर आला. मला ऑफिसातलं फायलींचं लोखंडी कपाट सरकवायला कापडी मोजे हवे होते. "काय धरशीन?" मी म्हटलं, कपाट. "धार कोण्या बाजूनं हाये त्याची?" मला ठाऊक नव्हतं. "पाहून ये." मी दोन जिने चढून कपाटाची धार पाहून आलो, तर जेवणाची सुट्टी होऊन खिडकी बंद झाली होती. कपाट आम्ही उघड्या हातांनीच सरकवलं. कुणाला काहीही झालं नाही, आणि हे मी दुसऱ्या दिवशी त्यांना मुद्दाम सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं." एवढंच. या माणसाशी भांडताही येत नसे.

पन्नाशी उलटलेले, किडकिडीत. नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा, मनगटाशी बटण लावलेलं. बोटांच्या टोकांना कायम पांढरी पावडर, कारण रबरी मोजे ते पावडर लावून ठेवत. रोज सकाळी वायरमनांचा एकेक मोजा काढायचा, तोंडाकडून घट्ट गुंडाळत आणायचा, आत कोंडलेली हवा बोटांत गेली की मोजा फुगायचा. मग तो गालाशी धरायचा आणि डोळे मिटायचे. बारीकसं भोक असलं तरी गालाला वारा लागतो, असं ते सांगत. एका मोज्याला मिनिटभर तरी लागे. बाहेर दहा माणसं ताटकळत असली तरी तेवढंच. कुणी "ओ बाबू!" म्हणून हाक मारलीच, तर ते डोळे न उघडता दुसरा हात वर करत आणि पुन्हा पहिल्या बोटापासून सुरुवात करत. म्हणून कुणी हाक मारत नसे.

एवढा काटेकोरपणा करणाऱ्या माणसाने काहीतरी भयंकर पाहिलं असणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. कुणी म्हणे त्यांचा भाऊ खांबावरून गेला, कुणी म्हणे त्यांच्या डोळ्यांदेखत एकाचे हात जळाले. मीही त्यांचे हात न्याहाळत असे. ते अगदी शाबूत होते, नखं कापलेली, एक ओरखडा नाही. शेवटी मी विचारलंच.

"कधी काही नाही पाह्यलं गा," ते म्हणाले. "पाहाले काहून लागते? डब्यात कागद येते, त्याच्यावर लिहून असते."

मोज्यांच्या डब्यात कंपनीचा माहितीचा कागद येतो, तो. गजभियेबाबू सातवी पास होते. निळ्या कागदाचं वेष्टन घातलेला एक इंग्रजी-मराठी शब्दकोश त्यांच्या टेबलावर असे, आणि आजवर आलेला प्रत्येक कागद घडी उलगडून एका पत्र्याच्या पेटीत ठेवलेला असे. मी बी.कॉम. होतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. उमरेडला सायकलच्या दुकानात बसणारे माझे वडील माझ्या गुणपत्रिका पाहुण्यांना दाखवत. मी मोज्यांच्या डब्यातला कागद आयुष्यात कधी वाचला नव्हता, आणि हे त्यांना सांगण्याची मला गरजही वाटली नाही.

माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. वर्षभराने, दिवाळीनंतर, कामावर डाग नसेल तर कायम. उमरेडला दर रविवारी गेलो की आई एकच विचारायची, झाला का कायम. आमच्या घरात दर महिन्याला ठरलेला पगार आणणारा मी पहिलाच.

अशात वायरमनांचे मोजे संपत आले आणि नवे मागवायचं काम माझ्याकडे आलं. मी नमुने मागवले. एका मोज्याच्या मनगटावर ठसठशीत छाप होता: १५०००. आमच्या तारा अकरा हजारांच्या. मला आनंद झाला. अकराला पंधरा म्हणजे चार हजार शिल्लक ठेवून मी माणसांची काळजी घेतो आहे, असं मी टिपणात लिहिलं सुद्धा. साहेबांनी सही केली. बारा जोड आले. स्टोअरने घेतले नाहीत.

मी तणतणत खिडकीशी गेलो. तिथे हेड वायरमन राऊतभाऊ आधीच उभे होते. वीस वर्षं खांबावर चढलेला, आडदांड, बोलका माणूस. वाडीच्या बाजूला एक ट्रान्सफॉर्मर बसवायचा होता आणि मोज्यांपायी त्यांची टोळी सकाळपासून ट्रकमध्ये बसून होती.

"याच्यानं काय धरशीन, राऊत?" गजभियेबाबूंनी विचारलं.

"अकरा हजार. तुले माहीत नाही का?"

"मंग हा नाही देत."

मी पुढे झालो. "गजभियेबाबू, त्यावर पंधरा हजार लिहिलंय. इंग्रजी मला वाचता येतं. मी पदवीधर आहे."

"वाचता येते ना? मंग खालची ओळ काहून नाही वाचली?"

त्यांनी मोजा उलटा करून माझ्यासमोर धरला. मोठ्या आकड्याच्या आधी एक बारीक शब्द होता, 'चाचणी'चा. आणि खाली, नखाएवढ्या अक्षरांत, कामाचा व्होल्टेज: ४०००.

मला अजूनही नीट कळलं नव्हतं, आणि ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"कळमन्याच्या बाजारातला हमाल पाह्यला ना?" ते म्हणाले. "एखाद दिवशी पैज लागली त दोन पोते पाठीवर घेऊन दहा पावलं चालून दाखवते. दाखवलं म्हणून मालकानं त्याले रोज, दिवसभर दोन दोन पोते द्याचे का? कंपनीनं याले पंधरा हजारात एकडाव उभा करून पाह्यलं. तो राह्यला. रोजच्या कामाले तो चार हजाराचाच हाये."

राऊतभाऊ म्हणाले, "अरे पण लाइन त बंदच राहते ना गा! बंद करूनच चढतो आम्ही."

"बंद हाये हे तुले कोण सांगते?"

"सबस्टेशनचा माणूस. फोनवर."

"मंग मोजा लाइनीसाठी नाही. त्या फोनवरच्या माणसासाठी हाये. तो चुकला त काय धरशीन?"

राऊतभाऊंनी मोजा खिडकीच्या फळीवर आपटला आणि ट्रककडे गेले. टोळी उतरवली गेली. साहेब खाली आले. साहेब पुण्याकडचे, त्यांचा आवाज कधी चढत नसे. त्या दिवशी चढला. गावात अंधार आहे, माणसं बसून आहेत आणि एक स्टोअरकीपर मोज्यांचे आकडे वाचत बसला आहे, असं बरंच बोलले. गजभियेबाबूंनी उभं राहून सगळं ऐकून घेतलं. मग तोच मोजा साहेबांसमोर धरला आणि म्हणाले, "खालची ओळ, सायेब." साहेबांनी चष्मा लावून खालची ओळ वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. माझं कायम होणं मला त्या नजरेत संपलेलं दिसलं.

मोजे परत जाणार नव्हते. मी मागवले तेच कंपनीने पाठवले होते. संध्याकाळी त्या बारा जोडांवर गजभियेबाबूंनी शेरा लिहिला तो मी भीतभीत पाहिला. 'कारखान्यातील ४४० व्होल्टच्या कामास उत्तम. लाइनीसाठी वेगळे मागवावेत.' चुकीची खरेदी, हा शब्द कुठेच नव्हता. मी आभार मानायला गेलो तर त्यांनी पत्र्याची पेटी माझ्यापुढे सरकवली.

"पदवीधर हायेस ना? हे सारे कागद मराठीत करून दे. खिडकीवर लावू."

दोन आठवडे मी घरी नेऊन ते भाषांतर केलं. चांगलं केलं होतं असं मला वाटत होतं. 'विद्युतरोधक हस्तत्राणे वापरण्यापूर्वी त्यांची छिद्रविरहितता सुनिश्चित करावी.' गजभियेबाबूंनी वाचलं, शब्दकोश उघडला, मिटला.

"हे कोणाले समजन गा? याच्यापेक्षा त इंग्रजी सोपं होतं."

मी चिडून परत गेलो आणि दुसरं लिहून आणलं: 'मोजा फुगवून पाहा. हवा गेली तर हात गेला.' मला ते जोरदार वाटलं होतं. त्यांनी पेन्सिलीने दुसरं वाक्य खोडलं.

"भेव दाखवून काय होते? दोन दिवस भेते माणूस, तिसऱ्या दिवशी इसरते. फुगवून पाहा, बस एवढंच राहू दे."

तेवढंच राहिलं. त्याखाली आणखी चार ओळी: छाप पूर्ण वाचा, तारीख पाहा, घडी घालू नका, तेल लागू देऊ नका. माझ्या दोन आठवड्यांच्या मेहनतीचं एका पुठ्ठ्यावर एवढंच उरलं. 

लाइनीचे मोजे यायला महिना गेला. सहा जोड, जाड, लालसर रबराचे, छापातली वरची आणि खालची दोन्ही ओळी बरोबर. आले तेव्हा राऊतभाऊ स्वतः पाहायला आले आणि पहिल्यांदाच मोजा हातात घालून बोटं हलवून पाहिली. "याच्यात वजन हाये," म्हणाले. त्या दिवसापासून त्यांच्या टोळीतला कुणी मोज्याशिवाय खांबाला हात लावू लागला तर तेच शिव्या घालत. 

तेवढ्यात दसरा आला. गजभियेबाबूंच्या घरी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं म्हणून गावाकडची माणसं येत. पन्नास-साठ माणसांचा स्वयंपाक, झोपायला घरात, अंगणात, शेजारी. म्हणून आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ते दुपारीच निघत. त्या वर्षी निघताना त्यांनी स्टोअरची किल्ली माझ्या हातात दिली. सहा वर्षांत ती त्यांनी कुणाला दिली नव्हती, असं मला नंतर कळलं.

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा. पक्कड, पाने, करवती सगळं पुसून तेलाचा हात फिरवून चकचकीत करायचं, वर कुंकू. राऊतभाऊ नवं उपरणं घेऊन माझ्याकडे आले.

"भोयरबाबू, आमचे मोजे काढा. सालभर तेच आमाले सांभाळन. पूजेत नको का?"

मला ते फार आवडलं. राऊतभाऊंसारखा माणूस मोज्यांची पूजा करू म्हणतो, यात गजभियेबाबूंचाच विजय आहे असं मला वाटलं. मी कपाट उघडून सहाही जोड काढून दिले आणि वर चहा प्यायला गेलो. परत आलो तेव्हा उदबत्तीच्या धुरात सहा जोड ओळीने मांडलेले होते. पाना-पकडीसारखेच चकचकीत. राऊतभाऊंनी प्रत्येकाला स्वतःच्या हाताने तेल चोळलं होतं, आणि वर पाच बोटांनी तेलात कालवलेलं कुंकू. मी नमस्कार केला. ते पुन्हा कपाटात ठेवून कुलूप लावलं. 'तेल लागू देऊ नका' ही ओळ माझ्याच अक्षरात खिडकीवर टांगलेली होती.

दसरा आणि त्याला जोडून आलेला रविवार धरून कारखाना तिसऱ्या दिवशी उघडला. गजभियेबाबूंनी कपाट उघडलं, एकेक मोजा बाहेर काढून पाहिला. मग खिडकी उघडली. राऊतभाऊंची टोळी बाहेर उभी होती.

"मोजे नाही भेटत. आज नाही. हे सहाच्या सहा गेले."

"गेले म्हंजे?"

"तेल लागलं."

राऊतभाऊंचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. "तेल नाही, पूजा लागली म्हण ना! आमच्या पूजेचंच वावडं हाये तुले. तुमची माणसं..."

ते तिथे थांबले. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. कारण किल्ली माझ्याकडे होती, आणि ते वाक्य त्या किल्लीतून निघालं होतं.

गजभियेबाबूंनी पहिल्यांदाच स्टोअरचं दार आतून उघडलं. "आत ये, राऊत."

राऊतभाऊ आत गेले. मीही मागून गेलो. गजभियेबाबूंनी एक मोजा ओल्या फडक्याने पुसला. "हे कुंकू. पुसलं त निघालं. कुंकवाशी माहं काहीच नाही. तेल मुरते." त्यांनी मोजा गुंडाळत आणला. बोटं फुगली. जिथे तेल जास्त साठलं होतं तिथे रबर मऊ पडून गळवासारखं वर आलं. मग त्यांनी तो मोजा स्वतःच्या गालाशी नेला नाही. राऊतभाऊंच्या गालाशी धरला.

"डोये मीट."

राऊतभाऊंनी डोळे मिटले. एवढा आडदांड माणूस, नव्या उपरण्यात, गालाशी मोजा घेऊन उभा. हळूच त्यांचा हात वर आला आणि गालावरची एक जागा त्यांनी बोटाने चाचपली, डास बसल्यासारखी.

"मी देव मानून लावलं होतं गा, गजभिये," ते म्हणाले.

"माहीत हाये मले."

दोघं बाहेर आले तेव्हा राऊतभाऊंनी टोळीला एवढंच सांगितलं, "ट्रक खाली करा." ते मघाचं वाक्य त्यांनी पुन्हा कधी पुरं केलं नाही. माफी मागितलीही नसावी. पण पुढच्या खंडेनवमीला पूजेत मोजे होते, कोरडे, वर झेंडूचं एकेक फूल, आणि फुलं ठेवून झाल्यावर राऊतभाऊ सहा जोड स्वतः मोजून स्टोअरमध्ये परत देऊन आले. 

साहेबांना लेखी उत्तर हवं होतं. कपाट कुणी उघडलं? माझ्या कायम होण्याचा कागद त्यांच्याच टेबलावर होता. मी गजभियेबाबूंना म्हटलं, माझं नाव लिहा, मीच काढून दिले. त्यांनी लिहिलं: 'किल्ली स्टोअरकीपरची. जबाबदारी स्टोअरकीपरची.' त्यांना ताकीद मिळाली, नोकरीतली पहिली आणि शेवटची. मी भांडलो त्यांच्याशी. हे खोटं आहे म्हणालो.

"खोटं कसं? किल्ली देतानी तुले इचारलंच नाही मी, काय धरशीन म्हणून. सगळ्याले इचारतो. तुले पदवीधर म्हणून सोडलं."

दिवाळीनंतर मी कायम झालो. आईने उमरेडच्या गल्लीत पेढे वाटले. एक पुडा मी गजभियेबाबूंना नेऊन दिला, आणि आभाराचं काही बोलणार तोच ते म्हणाले, "रांगेत ये. मांगं माणसं उभे हायेत." त्याच आठवड्यात मला फायली बांधायला सुतळी हवी होती, तर कशाचा गठ्ठा, किती वजनाचा, हे सांगेपर्यंत त्यांनी अर्धा तास घालवला. उपकार केलेला माणूस थोडा सैल पडतो असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला.

ते निवृत्त झाल्यावर स्टोअरची खिडकी झटपट चालू लागली. नवा माणूस मागेल ते देत असे. आम्ही सगळे खूष झालो, आणि सगळेच आपापले मोजे फुगवून पाहू लागलो.

त्यांना शेवटचं पाहिलं ते जरीपटक्याच्या बाजारात, ते निवृत्त होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मला बॅटरीत पाणी भरायला रबरी मोजे घ्यायचे होते आणि घाई होती. दुकानाच्या पायऱ्यांशी खाली स्कूटर चालू ठेवून आलो होतो. दुकानात रांग अडली होती. कुणीतरी म्हातारा पुढे अडून बसला होता, आणि दुकानदार वैतागून म्हणत होता, "बाबा, लेना है तो लो, नहीं तो रख दो. बीस मिनट से एक दस्ताना!" माझ्या तोंडूनही "च्" निघालं.

मग मला मनगटाशी बटण लावलेली पांढरी बाही दिसली.

ते वाळले होते. मोजा छोट्या मापाचा होता, सुनेसाठी किंवा नातीसाठी असावा. गुंडाळत आणताना बोटं थरथरत होती, हवा निसटत होती, ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. शेवटी एकदाचा मोजा फुगला. त्यांनी तो गालाशी नेला आणि डोळे मिटले. दुकानदार काही बोलायला गेला, तर त्यांचा दुसरा हात वर झाला.

मी हाक मारणार होतो. मारली असती तर त्यांना पुन्हा पहिल्या बोटापासून करावं लागलं असतं. मी खाली जाऊन स्कूटर बंद केली आणि येऊन रांगेत उभा राहिलो.